मी मरणार होते तेव्हाची सही

माणूस मरायला टेकलं की लोक त्याच्याशी किती गोड वागतात, हे बहुतेकांना नीट कळायच्या आत ते मरून जातात. मला मात्र सगळं जिवंतपणी बघायला मिळालं. मी बघितलं, ऐकलं, आणलेलं सगळं खाल्लं आणि मग मेलेच नाही. तेव्हापासून माझं आणि माझ्या माणसांचं थोडं अवघडलेलंच चाललंय.

सुरुवात पोटापासून करते, कारण त्या हिवाळ्यात दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये प्रत्येक बोलण्याची सुरुवात माझ्या पोटापासूनच व्हायची. खरं तर आधी मी वाळत होते. जेवण दुप्पट आणि अंगावर काही नाही. थंडीतसुद्धा पदरानं मान पुसत फिरायचे. छाती अशी धडधडायची की मालगाडी गेली तरी मला आधी माझाच संशय यायचा. हात थरथरायचे, बशीतला चहा तोंडाशी येईपर्यंत निम्मा साडीवर. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, “पाळी जायच्या वयात होतं असं.” हे वाक्य मी स्वतः आजवर इतक्या जणींना ऐकवलं होतं की माझ्यावर आल्यावर नाही म्हणायला तोंड नव्हतं. जवळच्या डॉक्टरांनीही तेच सांगून गॅसच्या गोळ्या दिल्या. मग पोट फुगायला लागलं. हातपाय काटक्यांसारखे आणि मधे कणगी. मी यांना म्हटलं, “बघा, शेवटी अंगाला लागलं.” हे म्हणाले, “हो, पण एकाच जागी लागलंय.”

आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यात. बोलायचं काम कमी, बघायचं जास्त. त्यांनीच बघून बघून शेवटी मला सोनोग्राफीला नेलं. तिथला डॉक्टर पडद्याकडं बघता बघता गप्प झाला. पोटावरून मशीन फिरवताना आधी गप्पा मारणारा माणूस एकदम गप्प झाला की काय समजायचं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. उजव्या अंडाशयाला मोठी गाठ होती आणि पोटात पाणी साठलं होतं. पोटातलं थोडं पाणी सुईनं काढून तपासायला दिलं, रक्त दिलं आणि ते रिपोर्ट घेऊन आम्ही सकाळच्या डेमूनं पुण्याला गेलो.

पुण्याच्या सर्जनबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “गाठ मोठी आहे, पोटात पाणी आहे आणि रक्तातला एक आकडा वाढलेला आहे. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आम्हाला आधी कॅन्सरचा विचार करावा लागतो. पण पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडलेल्या नाहीत. गाठ काढून पॅथॉलॉजीकडं पाठवल्याशिवाय नक्की काहीच म्हणता येणार नाही.”

मी हे सगळं ऐकलं, पण मी पेशंट, माझं ऐकणं धरत नाहीत. यांनी त्यातला एकच शब्द ऐकला. आयुष्यभर सिग्नल बघणाऱ्या माणसाला लाल आणि हिरव्याच्या मधे पिवळा असतो हे मी सांगायला नको. पण त्या दिवशी यांना नुसता लाल दिसला. पुण्याच्या फलाटावरूनच यांनी माझ्या भावाला फोन लावला. “तुमच्या आक्काचं काही खरं नाही,” म्हणाले आणि पुढं बोलता येईना म्हणून फोन माझ्याकडं दिला. मी म्हटलं, “अरे, अजून तपासायचंय.” भाऊ पलीकडं रडत होता. त्या रडण्यात माझं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

माझा भाऊ निमोण्याला असतो, आमच्या माहेरच्या शेतीवर. माझ्यापेक्षा चांगला आठ-नऊ वर्षांनी लहान. आईच्या पाठीमागं मीच त्याला कडेवर घेऊन हिंडवलेलं, त्यामुळं तो मला आक्का म्हणतो आणि अजून माझ्यासमोर पान खात नाही. त्यानं घरी सांगितलं, घरातून गावात गेलं, गावातून शिरूरच्या बाजारात. पुण्यात नुसतं ‘तपासू’ म्हटलेलं होतं, त्याचं शिरूरला पोचेपर्यंत ‘पाडवा काही बघत नाही’ झालं होतं.

मग भेटायला येणं सुरू झालं.

आमच्याकडं जाणाऱ्या माणसाला भेटून घेतात. गेल्यावर येणं वेगळं आणि जायच्या आधी येणं वेगळं. जायच्या आधी येणाऱ्यानं आवडीचं काहीतरी करून आणायचं, समोर बसून खायला लावायचं आणि खाताना बघून डोळे पुसायचे. मला भूक तर राक्षसासारखी लागत होती. मासवडी, पुरणाच्या पोळ्या, शेंगोळी, काय काय आलं. मी सगळं संपवायचे आणि लोक एकमेकांकडं बघायचे. “दिवा विझायच्या आधी मोठा होतो तसं हाय,” असं एक म्हातारी माझ्यासमोरच म्हणाली, माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढत.

माझी नणंद आमच्या मुलीच्या लग्नातल्या मानपानावरून कित्येक वर्षं बोलत नव्हती. ती आली आणि गळ्यातच पडली. गळ्यात कसली, मधे पोट असल्यामुळं खांद्यापर्यंतच पोचली. “वहिनी, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला.” मी म्हटलं, “तेवढं सोडून काहीही सांगा, पोटात आता जागा नाही.” ती रडता रडता हसली आणि मग जास्तच रडली.

अशा भेटीत आणखी एक असतं. आलेल्याला दुसऱ्या कुणाला तरी हेच झालेलं माहीत असतं. कॉलनीतल्या एक बाई खुर्ची ओढून माझ्या जवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्या भाचेसुनेला डिट्टो हेच. असंच पोट. सहा महिनेपण काढले नाहीत बिचारीनं. नवऱ्यानं दुसरी केली आता. बाकी दुसरी चांगली मिळाली हो, स्वयंपाक फार छान करते.” नेमके त्याच वेळी आमचे हे चहाचा ट्रे घेऊन आत आले. त्यांचा चहा पिऊन बाईंनी तोंड थोडं वाकडं केलं. मला वाटलं, या बाई मनातल्या मनात माझी जागा भरतायत.

हसून सांगतेय खरं, पण खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले होते. जन्मभर बाईनं स्वयंपाकघरातून बाहेर डोकावायचं असतं, आता सगळे माझ्याकडं डोकावत होते. मी काय बोलेन ते ऐकायचे. मरणाऱ्या माणसाला एक हाव सुटते, मोठेपणाची. सगळं देऊन टाकावं, सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं. मी पैठणी नणंदेला दिली, शिवणयंत्र शेजारणीच्या सुनेला दिलं, आणि हे ‘पुरे आता’ म्हणाले तरी थांबेना. त्याच भरात भाऊ आला.

इथं जमिनीचं सांगायला हवं. वडील गेले तेव्हा निमोण्याच्या सातबाऱ्यावर भावाच्या जोडीला माझंही नाव लागलं होतं. आमच्याकडं बहिणीनं हक्कसोड करून द्यायची असते, म्हणजे रजिस्टर ऑफिसात जाऊन माझा हिस्सा मी भावाला सोडला असं सही करून लिहून द्यायचं. सही करणारीला साडीचोळी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. न करणारीला जमीन मिळते आणि पाणीही विचारत नाहीत. मी मधलीच, हक्कसोड केली नव्हती आणि वाटणीही मागितली नव्हती. मला शेती नकोच होती. यांचे वडीलही रेल्वेतच होते, त्यामुळं यांना गाव असं नाहीच, जन्म क्वार्टरमध्ये आणि संसारही क्वार्टरमध्ये. हे रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं. मग जायचं कुठं? तर निमोण्यात रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाजवळ, दोन खोल्या बांधायच्या. एवढ्यासाठी मी नाव तसंच ठेवलं होतं. स्वयंपाकघर उगवतीला, कट्टा उंच, कारण माझे गुडघे. बारा महिने मनात त्या घरात भांडी लावायचे. भाऊही म्हणायचा, “बांध की आक्का, कोण न्हाई म्हणतंय?”

त्या दिवशी तो भावजयीला घेऊन आला, जेवला, माझे पाय चेपत बसला. माझ्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा. त्या खळग्याकडं बघत तो म्हणाला, “आक्का, कसं बोलू कळंना.”

“बोल. आता कुठं लाजतो?”

“जमिनीचं. तू हाईस तवर एक सही हाय. तू गेल्यावर दाजींचं नाव लागंल, पोरीचं लागंल. पोरीच्या सासरचं आज चांगलं हायेत, उद्या कोण सांगावं? पोरांना कोर्टाच्या चकरा कशाला?”

माझी मुलगी तेव्हा पुण्याहून आलेली होती. ती स्वयंपाकघरातून ओला हात घेऊनच बाहेर आली. “मामा, ऑपरेशन होऊ दे. रिपोर्ट येऊ दे. मग आई काय ते ठरवेल.”

“अगं, रिपोर्टमंदी काय यायचं ऱ्हायलंय आता?” भावजय म्हणाली आणि जीभ चावली.

“डॉक्टर म्हणाल्यात, नक्की नाही.”

“डाक्टर तोंडावर सांगत असत्यात व्हय, पोरी?”

हे खिडकीशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि नजर बाहेर रुळांवर नेली. मी मुलीला म्हटलं, “मामाशी असं बोलतात का? मला काय करायचीय आता जागा?” भावानं माझे पाय धरून डोकं टेकलं. मला इतकं भरून आलं, इतकं मोठं वाटलं, की त्या क्षणी कुणी मागितलं असतं तर मी क्वार्टरसुद्धा लिहून दिलं असतं. ते रेल्वेचं आहे हे नंतर बघितलं असतं.

न्हावऱ्यावरून शिरूरला गाडीनं नेलं मला. रजिस्टर ऑफिस वरच्या मजल्यावर. जिन्यात मी प्रत्येक पायरीला धापा टाकत होते, मागून भाऊ आणि पुढून भावजय. वर बाकावर गर्दी होती. आतला कारकून मान वर करून माझ्याकडं बघून म्हणाला, “अहो, त्या ताईंना आधी घ्या, अवघडलेल्या आहेत.” बाकावरची माणसं सरकली. एका आजींनी माझ्या पिकल्या केसांकडं आणि पोटाकडं आळीपाळीनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. भाऊ खुलासा करायला निघाला होता, मी त्याला चिमटा काढला. नंबर लवकर लागत होता, आणि मरणारीपेक्षा पोटुशी बरी.

कारकुनानं विचारलं, “स्वखुशीनं सोडताय?” मी हो म्हटलं. “कुणाचा दबाव?” नाही म्हटलं. फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसवलं. हा फोटो मागं राहणार म्हणून मी पदर नीट केला आणि थोडी हसलेसुद्धा. मग अंगठा. यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवायचा, पडद्यावर ठसा उमटायचा. माझा उमटेना. हाताला असा घाम सुटला होता की काच ओली व्हायची. भावानं आपल्या रुमालानं माझा अंगठा पुसला. परत टेकवला, परत ओला. लहानपणी मी त्याचं नाक पुसायचे तसा तो माझा अंगठा पुसत होता. कारकून म्हणाला, “मावशी, घाबरू नका.” ताईची एवढ्यात मावशी झाले होते. मी घाबरले नव्हतेच. शेवटी एकदाचा उमटला. सहीच्या वेळी पेन असं थरथरलं की माझं नाव मलाच वाचता येईना. भाऊ म्हणाला, “आक्काच्या जिवाला लागतंय वो.” सगळ्यांना वाटलं, बाईचा जीव जमिनीत अडकलाय.

खाली आल्यावर भावजयीनं गाडीशीच माझी ओटी भरली. हिरवी साडी, खण, नारळ. त्या पोटाखाली पदर पसरून मी ओटी घेताना रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, आणि एका बाईनं लांबूनच हात जोडले.

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर बघून जातात. माझी नाडी धरून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “हात पुढं करा.” बोटं थरथरत होती. तळवा दाबून बघितला, ओला आणि गरम. “थायरॉईड तपासलीय का कधी?” कुणीच तपासली नव्हती. तपासली, तर ती भलतीच जोरात चाललेली. मग गळा चाचपला, गळ्याची सोनोग्राफी केली. गळ्यात काही नाही. ग्रंथी गरीब, शांत, आपल्या जागी. डॉक्टर लोक चक्रावले. नाडी ताळ्यावर येईपर्यंत ऑपरेशन पुढं ढकललं आणि गोळ्या सुरू केल्या. इकडं नातेवाइकांचे फोन यायचे. मुलगी उचलायची. पलीकडून विचारणा व्हायची, “झालं का?” ती म्हणायची, “काय?” मग पलीकडचा गडबडायचा, “ऑपरेशन गं, ऑपरेशन.”

ऑपरेशन झाल्यावर गाठ ट्रेमध्ये घालून बाहेर बसलेल्या माणसाला दाखवतात. आमच्या यांना दाखवली. नंतर यांनी मला तिचं वर्णन केलं, आणि आमच्या सगळ्या संसारात ते कशाचंही एवढं सविस्तर बोललेले मला आठवत नाही. सोललेल्या नारळाएवढी. वरून गुळगुळीत, चकचकीत. कापल्यावर आत चॉकलेटी, मधेमधे हिरवट, आणि फटीतून काकवीसारखं चिकट काहीतरी गळत होतं. “वाईट दिसत नव्हती,” हे म्हणाले. गाठीला लागलेला हा पहिला चांगला शब्द. मी टेबलावर असतानाच तिचा एक तुकडा घाईनं तपासायला नेला होता. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी तो बघून सर्जनबाईंना फोनवर विचारलं म्हणे, “तुम्ही पोटातलंच पाठवलंय ना? हे तर थायरॉईड दिसतंय.”

सगळी तपासणी होऊन पक्का रिपोर्ट आला तेव्हा सर्जनबाई खुर्ची ओढून माझ्या कॉटशी बसल्या. “तुम्हाला कॅन्सर नाही,” म्हणाल्या. “याला स्ट्रुमा ओव्हेरिआय म्हणतात. अंडाशयातल्या बीजपेशीत अख्खं शरीर घडवायची ताकद असते. कधी कधी ती गर्भाशिवायच काहीतरी घडवायला घेते. मग अशा गाठीत केस सापडतात, दात सापडतात. तुमच्या गाठीत जवळजवळ सगळी थायरॉईडच होती. आणि नुसती बसून नव्हती, कामही करत होती. घाम, थरथर, धडधड, वाळणं, सगळं तिचंच.”

“म्हणजे माझ्या पोटात गळा उगवला होता?”

“गळा नाही, गळ्यातली ग्रंथी.”

“मग पाणी? आणि तो रक्तातला आकडा?”

“यात क्वचित तेही होतं. साधी गाठ असून कॅन्सरचं सोंग घेते. आता पाणी परत भरणार नाही. अशा गाठीतही कधीतरी कॅन्सर निघतो, म्हणून आम्ही सगळीकडून तपासलं. तुमच्यात नाही. तरी काही वर्षं तपासणीला येत राहा.”

ही गाठ दुर्मिळ, म्हणून शिकणारी पोरंपोरी घोळक्यानं मला बघायला आली. जन्मात पहिल्यांदा मी कशात तरी दुर्मिळ निघाले, आणि तेही काढून टाकलेल्या वस्तूत. त्यातल्या एकीनं मोबाइलवर मला सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. गुऱ्हाळात काहिलीवर फेस येतो ना, तसे लहानमोठे गोल एकाला एक चिकटून. प्रत्येक गोलात गुलाबी रस आणि कडेनं पेशींची एकेरी रांग. फार सुबक होतं. मी बघत राहिले आणि मला शिरूरचं ते यंत्र आठवलं, ओली होणारी काच आणि भावाचा रुमाल. त्या खोलीत आम्ही सगळे राजी होतो. सही करायला नाही म्हणणारी एकटी ती गाठ होती.

घरी आले. पोट सपाट, नाडी शांत, चहा बशीत. आणि मग एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले. आनंद सगळ्यांना झाला, मी नाही म्हणत नाही. पण पूर्ण निरोप घेतलेला पाहुणा परत आला की ‘काय विसरलं?’ असं तोंडावर येतंच. नणंदेनं महिनाभर फोन केला, मग हळूहळू मानपानाची जुनी गोष्ट तिला परत आठवली. पैठणी मात्र तिनं नेसली. ती भाचेसुनेवाली बाई म्हणाली, “मग एवढं पोट होतं तरी कशाचं?” मी म्हटलं, पाण्याचं. “नुसतं पाणी?” तिनं असं विचारलं की जणू मी सगळ्या कॉलनीला फसवून पोळ्या खाल्ल्या.

भावाला मी स्वतः फोन केला होता. “अरे, साधी निघाली गाठ. मी मरत नाही.” पलीकडं मोटारीचा आवाज येत होता, विहिरीवर होता बहुतेक. म्हणाला, “बरं झालं, आक्का. लई बरं झालं.” खरंच बरं वाटलं होतं त्याला, आवाज मला कळतो त्याचा. पण त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यानं मला ‘माहेरी ये’ म्हटलं नाही. मुलगी म्हणायची, “वकिलाला विचारू.” काय विचारायचं? कारकुनानं विचारलं तेव्हा मी स्वखुशीनंच सांगितलं होतं. खुशीही खरीच होती. तिचं कारण तेवढं खोटं निघालं, आणि त्याला सही केलेल्या कागदावर रकाना नसतो.

दिवाळी आली. यांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते, त्यामुळं क्वार्टरमध्ये अर्ध्या सामानाच्या पेट्या बांधलेल्या. दौंडातच भाड्याच्या खोल्या बघत होतो. भाऊबीजेला भाऊ आणि भावजय आले. पेट्या सरकवून मी पाट मांडला, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली. भाऊ टोपी घालून बसला. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन घेतलं. ओवाळताना बहीण मागेल ते भावानं नाही म्हणायचं नसतं, निदान त्या घटकेपुरतं तरी. हे मी आदल्या दिवशी चकल्या तळताना ठरवलं होतं.

“साडी आणलीच हाय, आक्का,” तो ताटाकडं बघून म्हणाला.

“साडी राहू दे. मी मागू का यंदा?”

“माग की. तुला कवा न्हाई म्हणलोय व्हय?”

“लिंबापाशी दोन खोल्यांपुरती जागा दे.”

मागं सुतळी बांधत बसलेल्या यांचा हात थांबला. भाऊ निरांजनाकडं बघत राहिला. त्याच्या कपाळावरच्या अक्षता एकेक करून मांडीवर पडल्या.

“जागेचं काय एवढं? सगळं तुझंच हाय. कवाबी ये, चार दिस ऱ्हा.”

“चार दिवस नाही रे. राहायला जागा नाही आम्हाला. घर बांधायचंय.”

“तिथं पोरानं गाळं काढायला घेतल्यात, आक्का. रस्त्याकडंला हाय न्हवं. पाया भरून झालाय.”

“आणि लिंब?”

“लिंब आडवा येत व्हता.”

“मग मागच्या अंगाला दे. विहिरीकडं. कुठंही दे.”

भावजय पेटीवर बसली होती, ती म्हणाली, “आक्का, तवा तुमीच म्हणला का न्हाई, मला काय करायचीय जागा? आमी काय जबरदस्ती केली व्हती का?”

“नाही केली.”

“मग? देवानं तुमाला एवढा जीव परत दिला. आन् तुमी जमिनीचं काय घिऊन बसला?”

हे तिनं भांडून म्हटलं नाही. समजावून म्हटलं, लहान पोराला म्हणतात तसं. जीव मिळाला म्हणूनच जागा लागत होती. मेलेल्या बाईला उगवतीचं स्वयंपाकघर लागत नाही. एवढं साधं होतं, पण ते बोलायला लागलं की मी जगल्याबद्दल तक्रार करतेय असंच ऐकू आलं असतं. यांनी मागं सुतळीची गाठ मारली आणि टोक दातानं तोडलं. भाऊ पाटावर तसाच, गुडघ्यावर हात ठेवून. कान लाल झाले होते त्याचे. लहानपणी चूक सापडली की व्हायचे तसेच.

निरांजन माझ्या हातात होतं, ते न ओवाळता खाली ठेवायची रीत नाही, आणि तूप संपत आलं होतं. मी ओवाळलं. भाऊबीजेला बहिणीनं भावासाठी मागायचं ते एकच असतं, आयुष्य. मी मनापासून मागितलं. भरपूर मागितलं. सगळ्यांनी भेटून, रडून, निरोप घेऊन झाल्यावरही शिल्लक उरेल, एवढं.